सातव्याचा आवाज

३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फोनच केला असता. पण मागच्या वेळी मी "काम लागलं" म्हणालो, तर तू "कुठं लागलं? रक्त आलं का?" असं विचारत बसलीस आणि तुझ्या कानातलं यंत्र तिकडे कुईकुई करत राहिलं. म्हणून हा कागद.

तर, मला काम लागलंय. 'गस्त' नावाची एक परदेशी मालिका आहे. पुढच्या काळातलं शहर, आणि तिथे पोलिसांना जोडीदार म्हणून यंत्रमानव द्यायला लागलेत. दिसायला हुबेहूब माणूस. नायिका इन्स्पेक्टर आहे आणि भयंकर तोंडाळ. तिच्या तोंडाला कंटाळून आधीचे सहा जोडीदार, जिवंत माणसं, बदली मागून पळालेत. मग खात्यानं तिच्या गळ्यात यंत्र बांधलं. ती त्याला नाव देत नाही, नुसतं 'सातवा' म्हणते. आपल्या भाषेत त्या सातव्याचा आवाज मी आहे.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "नाटकाचं एवढं शिक्षण घेतलंस ते डब्याचा आवाज काढायला?"

तू जन्मभर पोलिसात गस्त घातलीस. दर गुरुवारी संध्याकाळी लागते ती मालिका. टीव्हीचा हेडफोन लाव, बघ, आणि काय वाटलं ते लिही. कौतुक करायचं म्हणून करू नकोस. तुला तसंही ते जमत नाही.

तुझा,
भोंग्या


१२ सप्टेंबर

प्रिय भोंग्या,

पहिला भाग बघितला. आधी पोलिसांचं सांगते, मग तुझं.

ती बाई धावत येऊन खांद्यानं दार फोडते. अगं, आधी कडी तर बघ! निम्मी दारं उघडीच असतात. दुसरं म्हणजे, हिची गस्त म्हणजे नुसती पळापळ. खरी गस्त म्हणजे उभं राहणं, वाट बघणं, आणि बाईमाणसाला विचारशील तर संडास कुठं मिळेल याची काळजी करणं. या मालिकेत कुणालाच कधी लागत नाही. सातव्याचं ठीक आहे, तो यंत्र आहे.

तो सातवा मात्र मला आवडला. मला वाटलं होतं पत्र्याचा डबा असेल. पण गाडीत बसल्याबरोबर त्यानं तिची सीट मागे सरकवली, न सांगता, तिचे पाय अवघडलेत हे बघून. लिहिणाऱ्याला हे कुणीतरी गस्तवाल्यानंच सांगितलं असणार. आणि चोर पळून गेल्यावर तो म्हणतो, "मला तुमच्या तिप्पट वेगानं पळता येतं, पण तुम्ही विचारलं नाहीत." तिथे आम्ही इतकं हसलो की चहा सांडला.

आता तुझं. तुझा आवाज डोक्यात गेला. एकेक शब्द वेगळ्या ताटलीत वाढल्यासारखा बोलतोस. तो यंत्र आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग ते सारखं दाखवतोस कशाला? शिवाय जोडीदार असा सभेत बोलल्यासारखा बोलत नाही. गाडीत शेजारी बसलेल्या एका माणसाला ऐकू जाईल, तेवढंच बोलतो. बाकी जगाशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

राग आला तर येऊ दे. जेवत जा.

आत्या


२० सप्टेंबर

प्रिय आत्या,

राग आला होता. सकाळी आला, दुपारी स्टुडिओत उतरला.

काल माईकच्या अगदी जवळ सरकलो, शेजारच्या खुर्चीवर तू बसली आहेस असं धरलं, आणि तुझ्या एकटीशी बोललो. काचेपलीकडे आमच्या दिग्दर्शिकाबाई काहीतरी खात होत्या. त्यांनी खाणं थांबवलं. "हे कुठून आणलंस?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्याकडून." त्यांनी पहिले दोन सीन माझ्याकडून पुन्हा करून घेतले. चौथ्या भागापासून तुला फरक ऐकू येईल.

आता एक विचारतो. तू लिहिलंयस, "आम्ही हसलो." आम्ही म्हणजे कोण? तू तर एकटी राहतेस. तुझ्या शेजारच्या शिंपीणकाकू बाबांना बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, "ताई हल्ली दिवसभर मोठ्यानं बोलत असतात. जेव म्हणतात, ऊठ म्हणतात, कुणाला ते कळत नाही." बाबांना काळजी वाटतेय. मलाही वाटतेय, पण मी सरळ विचारतो.

भोंग्या


७ ऑक्टोबर

प्रिय भोंग्या,

शिंपीणकाकूंना म्हणावं, भिंतीला कान लावण्यापेक्षा शिवणाला हात लावा, माझा झगा कधीचा पडलाय त्यांच्याकडे. आणि 'आम्ही' म्हणजे पोलिसी सवय. आम्ही पंचनामा केला, आम्ही जागेवर पोचलो. एकट्यानं केलं तरी खात्यात 'आम्ही'च लिहितात.

चौथा भाग बघितला. तुझा आवाज सुधारला, मान्य. ती वाहनतळातली जागा, बाई जखमी होऊन बसलेली आणि सातवा तिला काहीच सांगत नाही, नुसतं "तुम्ही बोला, मी ऐकतोय" म्हणतो, ती तू चांगली केलीस. मोठा शब्द नाही, रडणं नाही. मला माझ्या जोडीदारणीची आठवण झाली. तिला सगळे शिट्टी म्हणायचे. भर चौकात तिनं शिट्टी वाजवली की बसगाड्यासुद्धा जागच्या जागी थिजायच्या. तुला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवायची, आठवतंय का? माझ्यापेक्षा हळू पळायची, कामावर उशिरा यायची, पण एकदा आली की हलायची नाही.

पण पाचव्या भागात त्या बाईला तिच्या वरिष्ठाच्या प्रेमात पाडलं तर मी बघणं सोडून देईन. आम्हाला ते चालणार नाही.

आत्या


२४ ऑक्टोबर

भोंग्या,

या वेळी 'प्रिय' लिहीत नाही.

मी सरळ विचारतो म्हणालास, आणि मग बापाला पाठवलंस. तुझे बाबा परवा आले ते मेंदूच्या डॉक्टरांची वेळ ठरवूनच. दारातच मला विचारलं, "ताई, आज वार कोणता?" मी म्हटलं, "तुला दोन ठेवून देण्याचा."

मग ते आत आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांना शिट्टी दिसली.

आता सगळं सांगते, कारण ते सांगणारच. या वर्षाच्या सुरुवातीला शिट्टीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कळतं सगळं, शब्द निघत नाही. तिचा मुलगा परदेशात असतो. त्यानं इकडे येऊन, चांगली चौकशी करून तिला एका शुश्रूषागृहात ठेवलं. जागा स्वच्छ होती, खोटं बोलणार नाही. पण मी भेटायला जायची तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून असायची. जूनमध्ये मी तिला दोन दिवस घरी नेते म्हणून आणली आणि परत नेलीच नाही. मुलाला फोनवर सांगितलं, आत्ता नको, थोडी सुधारू दे. तो दर वेळी विचारतो, मी दर वेळी तेच सांगते. तुझ्या बाबांना कळलं की ते मला कायदा शिकवतील, म्हणून तुम्हा कुणालाच बोलले नाही.

शिकवलाच. उभ्या उभ्या ओरडायला लागले. "कागदावर तू हिची कोण? उद्या पडली तर उचलणार कोण? तू पडलीस तर?" शिट्टीनं थोडा वेळ ऐकलं. मग डाव्या हातात चमचा घेतला आणि टेबलावर आपटायला लागली. खण, खण, खण. ते बसेपर्यंत थांबली नाही. बसल्यावर तिनं स्वतःचा बिस्किटाचा पुडा त्यांच्याकडे सरकवला. काय करतात बिचारे! खाल्लं. काल हत्यारं घेऊन पुन्हा आले आणि कुरकुरत कुरकुरत न्हाणीघरात धरायला दांडा बसवून गेले.

तर 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघी. दर गुरुवारी एकेक हेडफोन वाटून घेऊन तुला ऐकतो.

आणि रागात असले तरी हे लिहिलं पाहिजे. मागच्या आठवड्यातला सहावा भाग म्हणजे कळस होता. रुग्णालयाच्या जिन्यात बाई सातव्याला विचारते, "तुला भीती म्हणजे काय कळतं का?" आणि तो म्हणतो, "नाही. पण तुम्हाला वाटते तेव्हा माझं दुसरं कशातच लक्ष लागत नाही." इतका खरा आवाज मी तुझा आजवर ऐकला नव्हता. शिट्टीनं माझा हात घट्ट धरला. कौतुक मला जमत नाही म्हणतोस ना? घे.

आत्या


२ नोव्हेंबर

आत्या,

बाबांना मी पाठवलं, चुकलो. मला वाटलं तुझ्या डोक्याला काही होतंय, आणि पत्रात ते कसं विचारायचं हे सुचलं नाही. शिट्टीमावशी तुझ्याकडे आहे हे कळल्यावर मी खोलीत एकटाच हसत होतो. पोलिसानं माणूस पळवून आणलं!

पण पत्राचा शेवट वाचला आणि हसू गेलं. आत्या, सहाव्या भागातला तो आवाज माझा नव्हता.

पाच भागांचं माझं बोलणं स्टुडिओवाल्यांकडे जमलं होतं. ते त्यांनी यंत्राला ऐकवलं. आता यंत्र माझ्या आवाजात काहीही बोलतं, दमत नाही, घसा बसत नाही, पाणी मागत नाही. दिग्दर्शिकाबाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं. माझ्याकडे न बघता बोलत होत्या. एक भाग आधी करून बघणार होते, कुणाला फरक कळतो का ते. म्हणाल्या, "सातवा मुळात यंत्रच ना, त्यामुळे वरच्यांना वाटलं, शोभेल." यावर मी काय तक्रार करायची, सांग. मला स्वतःलाच क्षणभर पटलं.

ते जिन्यातलं वाक्य मी कधी उच्चारलेलंच नाही. तुझ्या तोंडून एवढं मोठं कौतुक पहिल्यांदा निघालं, आणि ते त्याला मिळालं.

तुला बोल लावत नाहीये. चांगलं होतं म्हणूनच तू लिहिलंस. पण सोमवारपासून मी कुणाशी धड बोललेलो नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात चहा मागतो, तेवढाच. तोंड उघडलं की वाटतं, हा आवाज आता माझा एकट्याचा नाही, मग वापरू कशाला?

भोंग्या


८ नोव्हेंबर

प्रिय भोंग्या,

तुझं पत्र शिट्टीला वाचून दाखवलं. मी टीव्ही भिंतीकडे फिरवून ठेवला.

आता खरं ऐक. मला फरक कळला नाही. शिट्टीलाही कळला नाही. "काहीतरी खटकलं होतं बरं का" असं लिहून तुला खूश करता आलं असतं. पण मी जन्मभर साक्षी लिहून घेतल्या आहेत, आता खोटी देणार नाही. यंत्रानं छान केलं. तुझ्यावर अन्याय झाला. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकत्र कसं गिळायचं ते मला माहीत नाही.

तुझी समजूत मला घालता येत नाही, तेव्हा माझी अडचण सांगते.

शिट्टीला बोलायला शिकवणाऱ्या एक ताई दर बुधवारी येतात. त्या म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, शब्द परत येऊ शकतात, पण रोज तिच्या समोर बसून, तोंडाकडे बघून, तिच्याकडून म्हणून घ्यायला हवं. आणि चुकलं की लगेच सांगायला हवं. मी बसते रे रोज. पण माझे कान असे. ती 'प' म्हणते की 'ब' म्हणते, मला एकच ऐकू येतं. परवा ती काहीतरी चुकीचं म्हणाली आणि मी "शाब्बास" म्हटलं, तर तिनं कपाळाला हात लावला. तिचा मुलगा जानेवारीत येतोय, तिला घेऊन जायलाच येतोय. ती काहीच बोलली नाही, तर तिच्या वतीनं तोच बोलणार. कागदावर हक्क त्याचाच आहे.

ओठ कसे मिटायचे, श्वास कुठं घ्यायचा, हे तुला येतं. तुझे कान चांगले आहेत. मला ते हवे आहेत. मागच्या खोलीत पलंग आहे, गादी जरा कडक आहे.

ये.

आत्या


१६ जानेवारी

प्रिय आत्या, प्रिय शिट्टीमावशी,

पोचलो. खोली बंद राहून राहून वास मारत होती, खिडक्या उघडून ठेवल्यात. तुझ्या कडक गादीची इतकी सवय झालीय की इथली गादी मला गिळायला बघते.

आज रुग्णालयात गेलो होतो. बुधवारच्या ताईंनी ज्यांच्याकडे शब्द टाकला होता, त्या मोठ्या बाईंनी मला एका ट्रकचालकासमोर बसवलं. धिप्पाड गडी, झटक्यानंतर एकही शब्द नाही. मी शिट्टीमावशीशी करायचो तसंच केलं. आधी नुसता श्वास, मग ओठ. तासाभरानं तो 'म' म्हणाला आणि स्वतःच दचकला. बाई म्हणाल्या, "उद्यापासून या." माझ्या आवाजाबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्या गड्याला तो आवडला की नाही, कोण जाणे. त्याला माझे ओठ नीट दिसत होते, एवढं खरं.

तुमच्याकडे शेवटच्या आठवड्यात आपण टीव्ही परत सरळ केला, ते बरं झालं. मी सातव्याला ऐकलं. जिथे मी श्वास घेतला असता, तिथेच त्यानं घेतला. अंगावर काटा आला. पण शिट्टीमावशी एकदा त्याच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे, आणि मी पाव खात गप्प बसलोय हे बघून जी हसत सुटली, त्यात माझं निम्मं दुखणं गेलं. मालिका चांगली आहे, आत्या. सातवा मला आवडायचा, अजूनही आवडतो. आता मी नुसता प्रेक्षक.

पण खरी मजा त्या सकाळची. पाणी, पाय, पाव करून करून आम्ही थकलेलो, तू बाजूला उभी राहून "कर, कर, अजून एकदा कर" चालवलेलं, आणि मावशी तुझ्याकडे वळून स्वच्छ म्हणाली, "गप!" काय सुंदर 'प' होता तो! आणि तू मला विचारत होतीस, "काय म्हणाली? ढग?"

आता महत्त्वाचं. रविवारी तिचा मुलगा येईल. कुठं राहायचं असं त्यानं विचारलं की म्हणायला 'इथं' हा शब्द आम्ही घोटून घेतलाय. आधी 'इ' लांबवायचा, मग सोडायचा. ती घाबरली तर शब्द येणार नाही, म्हणून तू मध्ये बोलू नकोस. कितीही वेळ लागला तरी बोलू नकोस. तुला हे जड जाईल, पण कर. मी यायला हवं होतं, पण रुग्णालयाला रविवार नसतो, आणि नव्या कामाच्या दुसऱ्याच दिवशी सुट्टी कशी मागू?

काय झालं ते लगेच लिही.

भोंग्या


२१ जानेवारी

प्रिय भोंग्या,

शिट्टीचा मुलगा रविवारी दुपारी आला. मी मनात त्याला खलनायक करून ठेवलं होतं, तसा तो निघाला नाही. थकलेला होता, केस पांढरे व्हायला लागलेत. आईसाठी मऊ पांघरूण आणलं होतं, आणि तिला घालायला नवे बूट. विमानातून उतरून सरळ इकडे आला होता. खाली गाडी उभी होती. मला म्हणाला, "काकू, तुम्ही जे केलंत ते मी केलं नसतं. पण तुमचंही वय झालं. दोघींपैकी एक पडली तर मला तिकडे कळणार कसं?" बरोबरच बोलत होता.

मग गुडघ्यावर बसून त्यानं स्वतः तिच्या पायात बूट घातले. त्याला ते नीट जमेना. मोजा सुरकुतला, तो त्यानं पुन्हा काढून सारखा केला. लहानपणी ती त्याला घालत असेल तसेच. मग वर बघून विचारलं, "आई, चलायचं ना?"

शिट्टीनं तोंड उघडलं. ओठ ताणले, तू शिकवलंस तसेच. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. तिचा चेहरा लाल झाला. मी पदराचा बोळा तोंडात धरून उभी होते. "हो ना, आई?" तो म्हणाला आणि तिला उठवायला हात पुढे केला.

तिनं हात घेतला नाही. खाली वाकली. मला वाटलं पडतेच आता. डाव्या हातानं तिनं बुटाचा पट्टा चाचपला आणि चर्रकन ओढला. त्याला वाटलं बूट टोचतोय. मदतीला गेला, तर त्याच्या हातावर फटका मारला. मग एकटीनं टाच रेटून, श्वास लागला तरी, तिनं तो बूट काढला. आम्ही दोघं नुसते बघत होतो. थोडा वेळ दम खाल्ला आणि दुसऱ्याला सुरुवात केली. त्याचा पट्टा उजव्या बाजूला, तिचा हात तिथं पोचेना. फार वेळ लागला, भोंग्या. तो जमिनीवर बसून राहिला. मधे एकदा खालून गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, पण तो हलला नाही. दुसरा बूट निघाला तेव्हा तिनं दोन्ही बूट पायानं त्याच्याकडे सरकवले आणि खुर्चीत मागे रेलून बसली.

त्यानं तिच्या पावलांवर डोकं टेकलं. हसत होता की रडत होता, मला पाठीमागून कळलं नाही. जरा वेळानं उठून खिडकीतून गाडीवाल्याला जायची खूण केली. मग आम्ही बोललो. सकाळी मदतीला एक बाई ठेवायची, दर रविवारी त्यानं व्हिडिओ कॉलवर आईला बघायचं, आणि माझ्या गळ्यात एक घंटीचं बटण अडकवायचं, पडले तर दाबायला. मी सगळ्याला हो म्हटलं. बटणालासुद्धा.

तेवढ्यात शिट्टी त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली. स्पष्ट बोलली असावी, कारण तो एकदम उभा राहिला. मला ऐकू आलं नाही. मी विचारलं, "काय म्हणाली? इथं म्हणाली का?"

त्यानं नाही अशी मान हलवली. म्हणाला, "'जेव' म्हणाली."

सकाळपासून उपाशी होता पोरगा. मी सूप गरम केलं. कोट अंगावर तसाच ठेवून, आईच्या शेजारी स्टूल ओढून, तो दोन वाट्या प्यायला आणि ती समोर बसून तो संपवतोय का ते बघत होती.

आत्या